अनोळखी डोंगरात एल्क कुठे शोधायचा: बो-हंटिंगच्या आधीची पाहणी

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत सप्टेंबर महिन्यात बो, म्हणजे धनुष्य, घेऊन एल्क या सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या शिकारीला पहिल्यांदा डोंगरात शिरलेल्यांची तक्रार बहुतेक एकच असते: चार दिवस पाय तुटेस्तोवर चाललो, रान सुंदर होतं, पण एल्क काही दिसला नाही. यात नशिबाचा भाग थोडा आणि पाहणीचा भाग मोठा असतो. एल्क रानभर सारखा पसरलेला नसतो. एका घळीत पन्नास जनावरं असतात आणि शेजारच्या तीन घळी रिकाम्या असतात. वरून बघणाऱ्याला मात्र चारही सारख्याच हिरव्या दिसतात.

त्यात बोची मजल तोकडी. नवशिक्याने तीस, फार तर चाळीस यार्डांपलीकडे बाण सोडू नये. इतक्या जवळ जाईपर्यंत जनावराच्या नाकाला तुमचा पत्ता लागता कामा नये. म्हणून पाहणीतून दोन प्रश्नांची उत्तरं मिळायला हवीत. सप्टेंबरमध्ये एल्क दिवसाउजेडी कुठे बसून राहतो? आणि वारा तोंडावर घेऊन तिथवर पोहोचता येतं का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्याचा काही उपयोग नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यामुळे हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, रीतसर लायसन्स काढून शिकार शिकू पाहणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. त्यांच्यातल्या ज्यांनी सह्याद्रीत भटकंती केली आहे, त्यांच्याकडे एक ठेवा आधीच आहे. खिंड, सोंड, धार, घळ, पदर हे शब्द आणि ती जमीन ओळखणारे डोळे रॉकीजमध्ये जसेच्या तसे उपयोगी पडतात. विशेषतः पदर. डोंगराच्या मधल्या उतारावर आडवी पसरलेली सपाट पट्टी एल्कला बसायला जितकी आवडते तितकी दुसरी कुठली जागा आवडत नाही.

लायसन्सचं आधी बघा

एल्कची संख्या सगळ्यात जास्त कोलोरॅडोत आहे, म्हणून उदाहरणं तिथलीच घेतो. राज्यात सलग सहा महिने राहिल्याशिवाय तुम्ही रहिवासी धरले जात नाही. राज्याबाहेरच्यांना पूर्वी आर्चरीचं (धनुष्यबाणाचं) एल्क लायसन्स बऱ्याच युनिट्समध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांत, दुकानातून थेट मिळायचं. २०२५ पासून त्यांना ड्रॉमध्ये (सोडतीत) अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत एप्रिलच्या सुरुवातीलाच संपते. म्हणजे नकाशावरचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकायला हवं, उन्हाळ्यात नव्हे. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं. बोचं ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारा जोर) किमान ३५ पाउंड आणि ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं पातं, किमान ७/८ इंच रुंद, निदान दोन धारांचं हवं. बऱ्याच युनिट्समध्ये नर मारायचा तर त्याच्या एका शिंगाला किमान चार टोकं असावी लागतात, किंवा कपाळाजवळचं टोक पाच इंचांचं असावं लागतं. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा चालू वर्षाची पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचा.

एच-१बीवर असलेल्यांना एक शंका हमखास असते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बो हे ‘फायरआर्म’ नाही. बंदुकीबाबत व्हिसाधारकांना जे वेगळे निर्बंध आहेत ते बोला लागू होत नाहीत.

पायरी १: टेबलावर बसून रान बारीक करणं

युनिट ठरलं की आख्ख्या युनिटकडे बघू नका. कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफचा हंटिंग अॅटलास फुकट आहे. त्यात एल्कचा उन्हाळी पट्टा, हिवाळी पट्टा आणि स्थलांतराच्या वाटा वेगवेगळ्या दाखवता येतात. हिवाळी पट्टा बंद करा आणि उन्हाळी पट्टा चालू ठेवा. याच खात्याचे हंट प्लॅनर, म्हणजे शिकाऱ्यांना सल्ला देणारे कर्मचारी, फोनवर बोलतात. त्यांना “एल्क कुठे आहे?” असं विचारलं तर मोघम उत्तर मिळतं. “या घळीत ऑगस्टअखेर मेंढ्या चरायला असतात का?” किंवा “या रस्त्याचं फाटक कधी बंद होतं?” असं नेमकं विचारलं तर नेमकं उत्तर मिळतं.

मग ऑनएक्स, गाया किंवा कॅलटोपो यांपैकी एक अॅप घ्या आणि खालच्या क्रमाने थर लावा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक थर आधीच्या थरातून उरलेलं रान कापत जातो.

पहिला थर मालकीचा. नॅशनल फॉरेस्ट आणि बीएलएम (ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट) या सरकारी खात्याची जमीन सार्वजनिक. कोलोरॅडोत खाजगी जमिनीला पाटी किंवा कुंपण असलंच पाहिजे असा नियम नाही, तरीही विनापरवाना शिरणं गुन्हाच आहे. सार्वजनिक जमिनीचे दोन तुकडे नुसत्या कोपऱ्याला कोपरा लागून असतील, तर तो कोपरा ओलांडण्याच्या बाजूने २०२५ मध्ये दहाव्या सर्किट कोर्टाचा (केंद्रीय अपील न्यायालयाचा) निकाल आला आहे. पण फोनचा जीपीएस दहा-पंधरा फूट सहज चुकतो आणि जमिनीवर मोजणीचा खुंटा सापडेलच असं नाही. नवशिक्याने असा कोपरा सोडून दुसरी वाट शोधावी.

दुसरा थर रस्त्यांचा. फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटर व्हेइकल यूज मॅप उतरवून घ्या, गाडी कुठवर नेता येते ते तोच ठरवतो. ओरेगनमधल्या स्टार्की या प्रायोगिक जंगलात गेली कित्येक वर्षं एल्कवर अभ्यास चालू आहे. वाहतुकीच्या रस्त्यांपासून एल्क दूर सरकतो हे त्यात पुन्हा पुन्हा दिसलं. म्हणून वाहत्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा मैल रंगवून टाका. या पट्ट्यातल्या फक्त अवघड जागा शिल्लक ठेवा: तीव्र उताराच्या, पडझड झालेल्या, पायवाट नसलेल्या. तिकडे आपण शेवटी येऊ.

तिसरा थर आगींचा. जळालेल्या रानात तीन ते पंधरा वर्षं गवत आणि अॅस्पेन या पांढऱ्या खोडाच्या झाडाचे कोवळे फुटवे भरपूर येतात. त्यानंतर उभी जळकी झाडं एकावर एक पडत जातात आणि चालणं नकोसं होतं. उपग्रहाच्या चित्रात अशी जागा काडेपेटी सांडल्यासारखी दिसते. तिथे ताशी अर्धा मैल वेग धरा, नकाशावर अंतर कितीही थोडं दिसो.

चौथा थर उताराच्या दिशेचा. उत्तरेकडे आणि ईशान्येकडे तोंड असलेले, दाट स्प्रूस-फरचे (सूचिपर्णी झाडांचे) उतार शोधा. सप्टेंबरच्या उन्हात अंगावर हिवाळी केस चढायला लागलेलं सहा-सातशे पाउंडांचं जनावर सावलीशिवाय बसत नाही. अशा उताराच्या वरच्या एकतृतीयांशात पदर आहे का बघा. समोच्च रेषा एकमेकींना चिकटून चढत असताना मधेच दोन रेषांमध्ये रुंद फट पडते, तोच पदर. अमेरिकी १:२४,००० नकाशांवर डोंगराळ भागात दोन रेषांमधली उंची बहुधा ४० फूट असते. त्यामुळे तीसेक फुटांचा छोटा पदर नकाशावर दिसतच नाही. तो चालतानाच सापडतो आणि बऱ्याचदा तोच सगळ्यात चांगला निघतो.

पाचवा थर चारा-पाण्याचा. सप्टेंबरपर्यंत दक्षिण उतारावरचं गवत वाळून पिवळं होतं. हिरवं उरतं ते झऱ्यांच्या कडेला, उत्तरेच्या कुरणांत, अॅस्पेनच्या सावलीत आणि झाडं संपतात त्या रेषेजवळच्या वरच्या द्रोणांमध्ये, म्हणजे खोलगट जागांमध्ये. गुगल अर्थमध्ये जुनी चित्रं तारखेनुसार बघता येतात. ऑगस्ट-सप्टेंबरचं चित्र काढा आणि त्यात हिरवे ठिपके शोधा. जूनच्या चित्रात सगळंच हिरवं असतं, त्यावरून काही कळत नाही.

सावलीचा पदर, त्यापासून अर्ध्या मैलात हिरवा चारा, तेवढ्यातच पाणी आणि माणसांची वर्दळ नाही, हे चारही जिथे एकत्र येतात तिथे पिन टाका. एका युनिटमध्ये बारा-पंधरा पिना पुरेत. त्या तीन वेगळ्या भागांत वाटलेल्या असाव्यात आणि एका भागातून दुसऱ्या भागात गाडीने तासाभरात जाता यावं. एकाच घळीत पंधरा पिना टाकणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. त्या घळीत पहिल्याच दिवशी दुसऱ्या कुणाचा तंबू दिसला की सगळी मेहनत वाया जाते.

वायव्य कोलोरॅडोतलं फ्लॅट टॉप्स वाइल्डरनेस (कायद्याने राखीव ठेवलेलं रान) सरावाला उत्तम. सुमारे २ लाख ३५ हजार एकरांचं हे रान १९७५ मध्ये संरक्षित झालं. वर बेसॉल्टचं पठार, त्याला सह्याद्रीसारखेच उभे कडे, कड्यांखाली पदर आणि मग दाट झाडी. कडा कुठे उतरू देतो तेवढीच जनावरांची वाट असते, त्यामुळे कड्यातली प्रत्येक नाळ नकाशावर टिपण्यासारखी. ट्रॅपर्स लेकच्या आसपास २००२ च्या आगीत जळालेलं रानही इथेच बघायला मिळतं. वाइल्डरनेसमध्ये मोटारच काय, सायकल आणि मांस वाहायची चाकाची गाडीही चालत नाही, हे पाहणी करतानाच हिशोबात धरा.

पायरी २: पहिली फेरी, जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य

मे-जूनमध्ये माद्या वितात. त्या दिवसांत त्यांच्या जागांवर जाऊ नये, काही ठिकाणी तेव्हा प्रवेशही बंद असतो. पहिली फेरी जुलैच्या शेवटी करा आणि तीन दिवस काढा.

समुद्रसपाटीवरच्या शहरातून येत असाल तर पहिला दिवस फक्त गाडीचा ठेवा. दहा हजार फुटांवर डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे नेहमीचं आहे. डोकेदुखीबरोबर उलट्या किंवा तोल जाणं सुरू झालं तर गोळी घेऊन वाट बघत बसू नका, खाली उतरा. त्या दिवशी प्रत्येक ट्रेलहेड, म्हणजे पायवाट सुरू होते ती जागा, बघून घ्या: गाड्या किती मावतात, घोड्यांचे ट्रेलर लागण्याची जागा आहे का, झाडांना तंबूच्या दोऱ्यांचे जुने व्रण आहेत का. घोड्यांच्या ट्रेलरला वळायला जागा असेल तर त्या वाटेने सात-आठ मैल आतपर्यंत लोक जाणार हे नक्की. पायी जाणाऱ्याने तिथे अंतराच्या जोरावर कुणाला मागे टाकायची आशा धरू नये.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण. १०x४२ ची दुर्बीण ट्रायपॉडवर लावा. हातात धरून बघण्यात आणि ट्रायपॉडवर बघण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण स्थिर चित्रात कानाची हालचालही दिसते. सूर्योदयाआधी अर्धा तास समोरच्या धारेवर जाऊन बसा, बघायच्या उतारापासून मैल-दीड मैल लांब. उताराचे मनाशी चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोन डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली बघा. आख्खं जनावर शोधू नका. झाडं उभी असतात, तेव्हा आडवी रेषा शोधा, आणि ढुंगणाचा फिकट पिवळसर ठिपका शोधा. एल्कचं दुसरं नाव वापिती हे शॉनी भाषेतून आलं आहे आणि त्याचा अर्थच ‘पांढऱ्या ढुंगणाचा’ असा आहे. शेवटचं जनावर झाडीत कुठून शिरलं ती जागा नकाशावर टिपा. दिवसा ते जिथे बसतं, ती जागा बहुधा तिथून वरच्या अंगाला पाव-अर्ध्या मैलात असते.

इथे एक मोठा चकवा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मोठे नर टोळीने अकरा-बारा हजार फुटांवर उघड्यावर चरताना दिसतात. ते बघून माणूस हरखतो आणि सप्टेंबरचा सगळा बेत त्या टोळीवर बांधतो. शिंगांवरची मखमल ऑगस्टमध्ये गळून पडते, टोळी फुटते आणि माजाचा जोर सप्टेंबरच्या उत्तरार्धात येतो, तोवर नर माद्यांच्या मागे मैलोगणती दूर गेलेले असतात. म्हणून पाहणीत माद्या शोधा. माद्या आणि पाडसं जिथे आहेत तिथे सप्टेंबरमध्ये नर येणारच.

दुपारी बारापर्यंत धारेवरून खाली या. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारच्या विजा रोजच्या असतात.

तिसऱ्या दिवशी, नऊ ते तीनच्या दरम्यान, दुर्बिणीने हेरलेल्या झाडीत चालत जा. ऑगस्टच्या मध्यापर्यंत हे चालतं. त्यानंतर बसायच्या जागांत पाय टाकू नका. हंगामाच्या तोंडावर तिथून उठवलेला कळप पलीकडच्या घळीत जाऊन बसतो आणि लवकर परतत नाही.

पायरी ३: खुणा, आणि त्या कधीच्या आहेत

नवशिक्याला खुणा दिसत नाहीत असं नाही. दिसतात, पण त्या कोणत्या महिन्यातल्या आहेत ते कळत नाही, आणि त्यामुळे तो एल्क नसलेल्या रानात आठवडा घालवतो.

अॅस्पेनच्या पांढऱ्या खोडांवर छातीच्या उंचीपर्यंत काळे खरबरीत व्रण दिसले की लोक खूश होतात. ते व्रण हिवाळ्यात भुकेल्या एल्कने साल कुरतडल्याचे असतात. सप्टेंबरमध्ये ते जनावर दोन हजार फूट वर असतं. पडलेल्या शिंगांचंही तसंच. नर मार्च-एप्रिलच्या सुमारास शिंगं टाकतात, म्हणून ती हिवाळी पट्ट्यातच सापडतात.

लेंड्यांकडे नीट बघा, वाकून बघा. हिवाळ्यातल्या लेंड्या सुट्या, कडक, लाकडी मण्यांसारख्या असतात, कारण तेव्हा खाणं काटक्यांचं आणि वाळक्या गवताचं. उन्हाळ्यातल्या मऊ, एकमेकींना चिकटलेल्या, कधी छोट्या शेणाच्या पोहासारख्या. म्हणजे नुसत्या आकारावरून ऋतू ओळखता येतो. ताजेपणा ओळखायला वरचा रंग बघू नका. पावसाने आठवड्याची लेंडीही काळी चकचकीत दिसते. काडीने मोडा. आत हिरवट आणि ओली असेल, वास येत असेल, तर एक-दोन दिवसांची. आत तपकिरी आणि भुसभुशीत असेल तर सोडून द्या.

ठसा एल्कचा चार ते साडेचार इंच लांब आणि गोलसर. म्यूल डिअर या लहान हरणाचा तीन इंचांच्या आसपास, टोकदार हृदयासारखा. गाईचा आणखी गोल आणि बोजड. मूज या आणखी मोठ्या हरणाचा पाच-सहा इंच आणि टोकदार. गायी याच कुरणांत चरायला सोडलेल्या असतात, त्यामुळे गाईच्या ठशांनी फसणारे बरेच. शेजारी शेणाची थापी दिसते का बघा. मूज मात्र नीट ओळखायला शिका, ठशातूनही आणि डोळ्यांनीही. दरवर्षी कुणीतरी एल्क समजून मूज मारतं आणि मोठ्या दंडाला सामोरं जातं. पाऊस कधी पडला ते लक्षात ठेवलं तर ठशाला तारीख लागते: पावसाच्या थेंबांच्या खळ्या ठशाच्या आत असतील तर ठसा पावसाआधीचा.

घासलेली झाडं ऑगस्टच्या मध्यापासून दिसतात. मनगटाएवढ्या खोडाची साल तीन ते सहा फूट उंचीपर्यंत सोललेली असते. बोट लावून बघा. डिंक चिकट आणि लाकूड पिवळसर ओलं असेल तर यंदाचं, करडं आणि कोरडं असेल तर गेल्या वर्षीचं किंवा त्याआधीचं. जुनं टाकाऊ नाही. एकाच पदरावर यंदाची, गेल्या वर्षीची आणि चार वर्षांपूर्वीची अशी तिन्ही सापडली, तर ती जागा नर दर माजात वापरतात असा त्याचा अर्थ, आणि अशी पिन शंभर ताज्या ठशांपेक्षा मोलाची.

लोळणीची जागा सांबराच्या लोळणीसारखीच असते: झऱ्याखालचा काळ्या चिखलाचा खड्डा, बाथटबएवढा. पाणी गढूळ असेल, कडेच्या गवतावर चिखलाचे ओले शिंतोडे असतील, शेजारच्या झाडाला चिखल पुसलेला असेल, तर काही तासांपूर्वीच नर येऊन गेला. पाणी निवळून वर पानं तरंगत असतील तर ती लोळण सध्या चालू नाही. आणि वास. एल्कचा कळप बसून गेलेल्या जागेला गोठ्यासारखा उग्र, गोडसर वास येतो. तो आला की आहात तिथेच थांबा, वारा बघा, आणि आलात तसे मागे फिरा.

पायरी ४: वारा

एल्क आवाज ऐकून कान टवकारतो, हालचाल बघून थबकतो, आणि बरेचदा पुन्हा चरायला लागतो. माणसाचा वास आला की मात्र दुसरा विचार करत नाही. म्हणून पाहणीतला निम्मा वेळ वाऱ्याला द्या.

डोंगरात दोन वारे असतात. एक वरचा, हवामानाचा, रॉकीजमध्ये बहुतेक पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येणारा. दुसरा उताराचा. रात्री गार झालेली जड हवा पाण्यासारखी खाली उतरते. ऊन उतारावर पडून जमीन तापली की हवा वर चढायला लागते. संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. पूर्वेच्या उतारावर हा पालट सकाळी लवकर होतो आणि दुपारनंतर लवकरच उलटतो. पश्चिमेच्या उतारावर दोन्ही उशिरा. उत्तरेच्या दाट झाडीत सकाळी दहा-साडेदहापर्यंतही हवा खालीच उतरत असते. ढगाळ दिवशी काहीच ठरलेलं नसतं. वारा घोळत राहतो, आणि अशा दिवशी बसायच्या जागेजवळ न जाणंच बरं.

यातून चढाईचा क्रम ठरतो. पहाटे हवा उतरत असताना एल्कच्या खाली किंवा बाजूला राहा. चरून झाल्यावर कळप सकाळी वर, पदराकडे निघतो. त्यांच्या मागोमाग खालून चढत राहिलात तर साडेआठ-नऊला हवा फिरते आणि तुमचा वास थेट त्यांच्या नाकात जातो. पालट होण्याआधी आडवं सरकून त्यांच्या उंचीला या. दुपारी त्याच उंचीवर किंवा वर, संध्याकाळी सावली पडायच्या सुमाराला पुन्हा खाली किंवा बाजूला.

वारा बघायला पावडरची बाटली मिळते. पण ती फक्त हाताजवळचा वारा दाखवते. अमेरिकेतले जुने शिकारी मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस वापरतात. ही आपल्या रुईचीच भावंड वनस्पती. लहानपणी रुईची ‘म्हातारी’ फुंकरून तिच्यामागे धावलो, तीच ही. एक म्हातारी सोडा आणि दुर्बिणीतून तिच्यामागे नजर ठेवा. पन्नास-साठ यार्ड ती सरळ जाते, मग दगडाशी अचानक वर उचलली जाते, घळीच्या तोंडाशी गोल फिरते आणि परत तुमच्याच दिशेने येते. ती परत फिरली ती जागा नकाशावर लाल करा. तिथे कितीही चांगल्या खुणा असोत, तिथून चढायचं नाही. दोन ओढे जिथे मिळतात ती जागा आणि धारेची वाऱ्याआडची बाजू, या दोन ठिकाणी असं हमखास होतं.

प्रत्येक चांगल्या पिनेला सकाळी ७, ९, ११ आणि दुपारी ४, ६ वाजता वारा कुठून कुठे, आकाश कसं, एवढं लिहून ठेवा. दोन दिवसांच्या नोंदींत नमुना दिसायला लागतो. आमच्या मते ही वही अॅपमधल्या सगळ्या थरांपेक्षा कामाची.

पायरी ५: माणसं, मेंढ्या, कॅमेरे

सार्वजनिक रानात मेंढ्यांचे कळप कायदेशीरपणे चरतात, सोबत मोठे पांढरे राखण कुत्रे असतात. हजारभर मेंढ्या एखाद्या द्रोणात शिरल्या की एल्क शेजारी सरकतो. कुत्र्यांशी सलगी नको, लांबून वळसा घाला, आणि मेंढपाळ भेटला तर अदबीने विचारा की कळप पुढे कुठे जाणार आहे.

हंगाम उघडला की उघडी कुरणं दोन-तीन दिवसांत रिकामी होतात. तेव्हा लागणाऱ्या जागा आधीच हेरून ठेवा. त्या फार आत असतात असं नाही. रस्त्यापासून सहाशे यार्डांवरची, पण मधे तीव्र चढ आणि पडलेल्या झाडांचा गुंता असलेली पाच-दहा एकरांची सावली पुष्कळदा कळप धरून ठेवते, कारण सगळे शिकारी गाडी लावून तिच्या पुढून मैलभर आत निघून जातात. पहिल्या पायरीत शिल्लक ठेवलेल्या त्या अवघड जागा याच.

ट्रेल कॅमेऱ्याचे (झाडाला बांधून ठेवायच्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचे) नियम राज्याराज्यात वेगळे आहेत. अॅरिझोनाने २०२२ पासून शिकारीसाठी त्यांच्यावर पूर्ण बंदी घातली. फोनवर थेट फोटो पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांबाबत इतर राज्यांतही निर्बंध आहेत. ड्रोनने जनावरं शोधणं कोलोरॅडोत बेकायदा आहे.

पायरी ६: मांस बाहेर कसं काढणार

हा हिशोब पाहणीतच करायचा, जनावर पडल्यावर नव्हे. पूर्ण वाढलेल्या नराचं हाडं काढलेलं मांस १८० ते २५० पाउंड भरतं. पाठीवर एका खेपेला ५० ते ६० पाउंड, म्हणजे साधारण चार खेपा. जागा तीन मैल आत असेल तर चार वेळा भरून बाहेर आणि तीन वेळा रिकामं आत, एकूण २१ मैल, दहा हजार फुटांवर, पडलेल्या झाडांतून. सप्टेंबरमध्ये दुपारी २० ते २५ अंश तापमान असतं. कातडं लगेच काढून मांस सावलीत, वाऱ्यावर, कापडी पिशव्यांत टांगलं नाही तर ते हाडाजवळून नासायला लागतं. एकट्याने जाणार असाल तर दीड-दोन मैलांपलीकडच्या पिना वगळा, किंवा घोड्यांनी मांस वाहून देणाऱ्याशी आधीच बोलून ठेवा. प्रत्येक पिनेजवळ दोन गोष्टी लिहा: परतीची वाट उताराची की चढाची, आणि जवळची सावलीतली गार जागा कुठे. उत्तरेकडच्या घळीतला ओढा अशा वेळी फ्रीजसारखा उपयोगी पडतो. मांस पाण्यात मात्र बुडवू नका.

शेवटचे तीन दिवस

हंगामाच्या दोन-तीन दिवस आधी पोहोचा. नकाशे फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या, कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत ठेवा, उपग्रहाने संदेश पाठवणारं यंत्र घ्या आणि कोणत्या भागात आहात ते घरी कळवा. तंबू उभ्या वाळक्या झाडांखाली लावू नका. किड्यांनी मारलेले स्प्रूस वाऱ्याने न सांगता पडतात. खाणं अस्वलाच्या हाती लागणार नाही असं ठेवा.

आता झाडीत शिरायचं नाही. सकाळ-संध्याकाळ लांबून दुर्बीण, आणि रात्री कान. दहानंतर किंवा पहाटे तीन-चारला धारेवरच्या रस्त्यावर गाडी बंद करून उभे राहा आणि दहा मिनिटं गप्प ऐका. मग मैलभर पुढे जाऊन पुन्हा. नराची ती चढत जाणारी, टोकाशी शिट्टीसारखी बारीक होणारी हाळी रात्रीच्या गार हवेत मैलभर ऐकू येते. स्वतः हाळी देऊन बघायचा मोह होईल, तो आवरा. उत्तर देणारा नर तुम्ही कुठून बोललात ते लक्षात ठेवतो. आवाज आला त्या दिशेला होकायंत्र लावा, अंश लिहा, अर्धा मैल बाजूला जाऊन पुन्हा अंश घ्या. दोन रेषा नकाशावर जिथे कापतात, तिथे तुमची एखादी पिन आहे का बघा. असेल तर वहीत त्या पिनेचा सकाळी सातचा वारा कुठून आहे ते वाचा, आणि पहाटेची चढाई त्याच बाजूने आखा.